पोटातल्या बाळाला दुर्बिणीने बघता येतं, पण ताईला ती कशाला?

प्रश्न परत एकदा थोडक्यात मांडते म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल. ताईच्या पहिल्या खेपेला पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याच्या मागे पिशवीसारखा फुगवटा, दोन्ही किडन्या मोठ्या आणि गाठींनी भरलेल्या, दोन्ही हातांना सहा-सहा बोटं असं निघालं. रिपोर्टवर 'मेकेल ग्रुबर असू शकतं' (मेंदू, किडन्या आणि बोटांवर परिणाम करणारा आनुवंशिक आजार) असं लिहून दिलं आणि प्रेग्नन्सी थांबवावी लागली. दाजी म्हणजे ताईच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. आता परत दिवस गेलेत, सातवा आठवडा चालू आहे, आणि तुमच्या वाचनात आलं की मिलिमीटरभर जाडीची दुर्बीण पोटातून घालून तिसऱ्या महिन्यातच बाळ प्रत्यक्ष बघता येतं, तर ते आपल्याकडे कुठे होतं, सेफ आहे का, आणि डोळ्यांनी बघितलेलं हे सोनोग्राफीपेक्षा जास्त खात्रीचं नाही का.

तुम्ही वाचलंय ते खोटं नाहीये. 1993 मध्ये अमेरिकेत किंतेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी बारीक दुर्बीण आईच्या पोटातून घालून पहिल्या तीन महिन्यांतच याच आजाराचं निदान केलं होतं, मेकेल ग्रुबरचंच, त्यामुळे हा आजार गुगल केला की ते सापडणारच. पण मधल्या तीस वर्षांत बाकी सगळं इतकं पुढे गेलंय की आज तुमची ताई माझ्या ओपीडीत आली तर मी दुर्बिणीचं नावसुद्धा काढणार नाही. रोज फीटल मेडिसिनचंच, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तपासण्या-उपचारांचंच काम करते, दुर्बिणीला माझा विरोध वगैरे अजिबात नाही, ती कुठे जीव वाचवते ते पुढे सांगतेच. निदानासाठी मात्र आता दुसरे रस्ते आहेत, लवकरचे आणि कमी धोक्याचे.

आधी दुर्बिणीतून दिसतं काय ते सांगते, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. फेटोस्कोप म्हणजे साधारण एक ते दोन मिलिमीटर जाडीची फायबरची किंवा लेन्सची नळी, ती तशीच आत जात नाही, तिच्यासाठी अजून थोडी जाड पोकळ नळी लागते, ती पोटाची कातडी, गर्भाशयाची भिंत आणि बाळाभोवतीचे पडदे असं सगळं भोसकून आत ढकलायची, तीही सोनोग्राफीवर बघत, वारेला म्हणजे प्लॅसेंटाला धक्का न लावता. आत गेलं की स्क्रीनवर एक छोटा गोल दिसतो आणि त्या गोलात दोन-तीन सेंटिमीटर अंतरावरची एखादी वस्तू, कधी हाताचा पंजा आणि त्याची नखं, कधी कानाची पाळी, कधी नाळेचा पीळ. अंधाऱ्या गोदामात पेन-टॉर्च घेऊन सामान मोजण्यासारखं काम आहे ते. बाळ वळलं की पंजा गेला, मग पुन्हा सोनोग्राफीचा प्रोब फिरवून शोधा. घुसताना रक्ताचा एखादा थेंब जरी पाण्यात सांडला तरी सगळं गढूळ, मग कोमट सलाईन आत सोडून धुवत बसायचं. आणि उशिराच्या आठवड्यांत पाणी स्वच्छ राहत नाही, त्यात बाळाच्या अंगावरचे पांढरे कण तरंगतात.

मुख्य म्हणजे दुर्बीण फक्त कातडी बघते, बाहेरून. बोटं, ओठ, पाठीवरची उघडी जखम, डोक्यामागची पिशवी, एवढं दिसेल. किडनी आतून कशी आहे, हृदयात किती कप्पे आहेत, मेंदूत पाणी आहे का, हे तिला कधीच दिसत नाही आणि सोनोग्राफीला तेच दिसतं. म्हणजे 'डोळ्यांनी बघितलेलं जास्त खात्रीचं' हे ऐकायला बरोबर वाटलं तरी तुमच्या ताईच्या बाळाच्या तीन खुणांपैकी किडन्यांची खूण दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरच आहे.

मग हे तंत्र आलंच कशाला? कारण त्या काळी दुसरं काही नव्हतं. स्वीडनच्या वेस्टिन यांनी 1954 मध्ये गर्भाशयाच्या तोंडातून जाडजूड दुर्बीण घालून गर्भ बघितला, ज्या प्रेग्नन्सी थांबवायच्याच होत्या अशा बायकांमध्ये. सत्तरच्या दशकात येल विद्यापीठात हॉबिन्स आणि महोनी यांनी 1.7 मिलिमीटरची दुर्बीण पोटातून घालायला सुरुवात केली आणि खरा धंदा होता रक्ताचा, म्हणजे थॅलेसेमिया आणि सिकलसेलचा. तेव्हा डीएनएवरून हे आजार ओळखता येत नव्हते, बाळाचंच रक्त काढून त्यात हिमोग्लोबिनच्या साखळ्या कशा बनतात ते बघायला लागायचं, आणि बाळाचं रक्त काढायचं तर वारेवरची रक्तवाहिनी समोर दिसायला हवी, म्हणून दुर्बीण. लंडनला रोडेक यांनी तेच पुढे नेलं, नाळेतून रक्त घ्यायला लागले, एपिडर्मोलायसिस बुलोसा म्हणजे जन्मतः कातडी सोलवटून निघणाऱ्या आजारासाठी पोटातल्या बाळाच्या कातडीचा कणभर तुकडा दुर्बिणीतून बघून काढायला लागले, 1981 मध्ये तर पोटातल्या बाळाला दुर्बिणीतूनच थेट रक्तवाहिनीत रक्त चढवलं. कमाल लोक होते हे, तेव्हाच्या सोनोग्राफी मशिनचं चित्र बघितलंत तर समजेल, आजच्या साध्या क्लिनिकमधल्या मशिनपुढेही ते काहीच नाही.

मग 1983 मध्ये पॅरिसला डाफोस यांनी नुसत्या सोनोग्राफीवर बघत एक बारीक सुई नाळेत घालून रक्त काढून दाखवलं, दुर्बीण नाही की जाड नळी नाही, आणि निदानाची फेटोस्कोपी तिथेच मागे पडायला लागली. पुढे डीएनए टेस्ट आल्या तशी नाळेतल्या रक्ताचीसुद्धा बऱ्याच आजारांत गरज राहिली नाही, वारेचा छोटासा नमुना पुरतो. आपल्याकडे उल्हासनगरच्या सिंधी घरांत थॅलेसेमिया किंवा विदर्भात सिकलसेल असलेल्या जोडप्यांना आज अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेची टेस्ट करून उत्तर मिळतं. मुंबईत केईएम हॉस्पिटलच्या आवारातली आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची म्हणजे रक्ताच्या आजारांची संस्था हे काम कित्येक वर्षं करतेय. ज्या रक्तासाठी दुर्बीण जन्माला आली तेच आता लागत नाही.

सेफ किती, ते ऐका. ऐंशीच्या दशकात चांगल्या, सराईत हातांमध्येही निदानाच्या फेटोस्कोपीनंतर शंभरात तीन ते पाच प्रेग्नन्सी जायच्या. आज वारेची टेस्ट म्हणजे सीव्हीएस किंवा पाण्याची टेस्ट म्हणजे अम्निओ यांचा स्वतःचा जास्तीचा धोका, 2019 मध्ये सगळे मोठे अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा, हजारात दोन-तीन असा निघाला. हा फरक का, तर भोकाची जाडी आणि भोकाची जागा. बाळाभोवतीच्या पडद्यात आतल्या थराला रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे कातडीवरची जखम भरते तसं ते भोक भरून येत नाही, बारीक सुईचं असेल तर निभावतं, दोन-तीन मिलिमीटरच्या नळीचं असेल तर तिथून पाणी गळू शकतं आणि मग वेळेआधी कळा. आत्ताच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनांचीही हीच सगळ्यात मोठी डोकेदुखी आहे, भोक बुजवायला नाना प्रकारचे प्लग लावून झाले, कशाचाच म्हणावा तसा फायदा सिद्ध झालेला नाही. त्यात तिसऱ्या महिन्यात एक जास्तीची भानगड, तेव्हा बाळाभोवतीचे दोन पडदे एकमेकांना चिकटलेले नसतात, साधारण चौदा ते सोळा आठवड्यांपर्यंत ते चिकटत जातात, त्यामुळे लवकर भोसकलं तर आतला पडदा नुसताच तंबूसारखा आत ढकलला जातो नाहीतर सुटून येतो. सीव्हीएसमध्ये तर सुई पाण्यात जातच नाही हो! ती वारेत जाते, वारेतला नमुना ओढते आणि बाहेर, बाळाच्या पिशवीला हातही लागत नाही. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि 'पोटात सुई' म्हटलं की सुई बाळाला टोचेल असं वाटतं.

आता ताईचं काय करायचं ते, हेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण सातवा आठवडा म्हणजे वेळ आहे पण फार नाही. पहिली गोष्ट, पहिल्या बाळाची फाईल काढा. सोनोग्राफीचा रिपोर्ट आहेच, पण क्रोमोसोम टेस्ट झाली होती का ते बघा, कॅरियोटाइप किंवा मायक्रोअरे असं काहीतरी लिहिलेलं असेल. हे इतकं रेटून सांगतेय कारण ट्रायसोमी 13 नावाच्या क्रोमोसोमच्या दोषातही सहा बोटं, मेंदूचा दोष आणि किडनीच्या गाठी असं सगळं एकत्र दिसू शकतं, हुबेहूब. आणि दोन्हीचा पुढचा हिशोब पूर्ण वेगळा. ट्रायसोमी असेल तर ती पुन्हा व्हायची शक्यता साधारण एक टक्का, नात्यातल्या लग्नाशी तिचा संबंध नाही. मेकेल ग्रुबर असेल तर दर खेपेला चारात एक, कारण त्यात आई आणि बाबा दोघंही बिघडलेल्या जीनची एकेक कॉपी घेऊन फिरत असतात, स्वतः ठणठणीत, आणि बाळाला दोन्ही बिघडलेल्या आल्या की आजार. ताई आणि दाजींचे एक आजी-आजोबा सामायिक आहेत म्हणजे तीच कॉपी दोन बाजूंनी खाली यायला रस्ता मोकळा. मामाची मुलगी केली म्हणून कुणाला दोष देत बसू नका, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हे चालत आलंय आणि बहुतेक घरांत मुलं छान असतात, पण असा एक जीन घरात असेल तर तो अशा लग्नात वर येतो एवढंच.

त्या वेळी बाळाची तपासणी म्हणजे ऑटोप्सी, फोटो, एक्सरे काही झालं असेल तर ते शोधा, सहावं बोट करंगळीच्या बाजूला होतं का अंगठ्याच्या तेही लिहिलेलं असतं, मेकेलमध्ये ते करंगळीच्या बाजूला. आणि लॅबला फोन करून विचारा की बाळाचा डीएनए किंवा मेणात जपलेला तुकडा (ब्लॉक) अजून ठेवलाय का. ठेवला असेल तर सोन्याहून पिवळं. अशा वेळी घरच्यांचं डोकं ठिकाणावर नसतं, नमुना ठेवून द्या हे डॉक्टरने आपणहून सांगायला पाहिजे आणि बरेचदा कुणी सांगत नाही, मग पुढच्या खेपेला सगळे आंधळी कोशिंबीर खेळतात.

नमुना नसेल तरी अडत नाही. ताई आणि दाजी दोघांचं रक्त याच आठवड्यात जेनेटिक्सच्या डॉक्टरांकडे द्या, दोघांची एक्झोम टेस्ट, म्हणजे हजारो जीन एकदम वाचणारी टेस्ट, एकत्र लावतात आणि बघतात की एकाच जीनमध्ये दोघांचीही कॉपी बिघडलेली आहे का. मेकेलला कारणीभूत जीन डझनाच्या वर आहेत, एमकेएस1, टीएमईएम67, सीईपी290 अशी नावं रिपोर्टमध्ये दिसतील, घाबरू नका, ती नुसती नावं आहेत. उत्तर यायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, म्हणजे अकरावा आठवडा उजाडला. जीन सापडला तर अकरा ते तेरा आठवड्यांत सीव्हीएस आणि त्या नमुन्यात फक्त तेवढाच बदल शोधायचा, आठ-दहा दिवसांत हो किंवा नाही. दहा आठवड्यांच्या आत मात्र कुणी सीव्हीएस करत नाही, बाळाच्या हातापायांना धोका होऊ शकतो म्हणून, तेव्हा लवकर करून द्या असा आग्रह धरू नका. ताईचा ब्लडग्रुप निगेटिव्ह असेल तर टेस्टनंतर अँटी-डी इंजेक्शनचं आठवणीने विचारा.

जीन नाही सापडला तर? काही घरांत नाही सापडत. तेव्हा सोनोग्राफीवर भिस्त, आणि ती वाईट भिस्त नाहीये. बारा-तेरा आठवड्यांना, नेहमीच्या एनटी स्कॅनसारखी (तिसऱ्या महिन्यात बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात ती) दहा मिनिटांत उरकलेली नाही, तर फीटल मेडिसिनवाल्याकडे आधी हकीकत सांगून, गरज पडल्यास खालून प्रोब घालून. या वयात कवटीचं हाड पांढरं दिसायला लागलेलं असतं त्यामुळे मागच्या बाजूला हाडात खिंडार आणि त्यातून बाहेर आलेला फुगवटा असेल तर तो दिसतो. आणि बोटं मोजायला तर हेच वय सगळ्यात भारी, बारा-तेरा आठवड्यांचं बाळ पंजा उघडा ठेवून हात हलवत असतं, पुढे विसाव्या आठवड्यात मूठ मिटून बसतं आणि आम्ही ताटकळत बसतो. अजून एक कारण आहे लवकर बघायचं. सुरुवातीला बाळाभोवतीचं पाणी फारसं बाळाच्या लघवीचं नसतं, त्यामुळे किडन्या खराब असल्या तरी बाराव्या आठवड्यात पाणी व्यवस्थित दिसतं. सोळा-सतरा आठवड्यांनंतर मात्र पाणी बनतं ते मुख्यतः लघवीचंच, किडनी चालत नसेल तर पाणी संपतं, आणि पाणी संपलं की सोनोग्राफीत सगळं गिचमिड, आणि दुर्बिणीला तर शिरायलाही जागा नाही. बाराव्या आठवड्यात शंका राहिली तर दोन आठवड्यांनी परत बघतात, किडन्या तेव्हा अजून स्पष्ट होतात. आणि तोवर सगळं नॉर्मल दिसलं, डोकं नीट, बोटं पाच-पाच, चौदा-सोळा आठवड्यांना किडन्या नीट, तर या आजाराची भीती खूपच कमी होते, तरी अठरा-वीस आठवड्यांचा अनोमली स्कॅन चुकवायचा नाही.

फॉलिक अॅसिडचं तुम्ही विचारलं नाहीत पण पुढचा प्रश्न तोच येतो म्हणून सांगते. मेकेलमधला डोक्याचा दोष फॉलिकच्या कमतरतेमुळे होत नाही, तरी पहिल्या खेपेला नेमकं काय होतं ते नक्की नसेल तर डॉक्टर मोठा डोस देतात, घ्यावा. ताईने 'मी गोळ्या नीट घेतल्या नाहीत म्हणून झालं' असं मनात धरलं असेल तर ते काढून टाका.

दुर्बीण मग कुठे लागते? उपचाराला. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांत दहा-पंधरा टक्के वेळा एकाचं रक्त दुसऱ्याकडे वाहायला लागतं, एक सुकतं आणि दुसरं पाण्यात बुडतं, तिथे दुर्बिणीतून वारेवरच्या जोडणाऱ्या रक्तवाहिन्या एकेक शोधून लेझरने बंद करतात. डी लिया यांनी 1988 मध्ये सुरू केलं, आणि 2004 मध्ये युरोपातल्या ट्रायलमध्ये नुसतं पाणी काढण्याशी तुलना केली तेव्हा किमान एक बाळ महिनाभर तरी जगण्याचं प्रमाण 56 वरून 76 टक्क्यांवर गेलं. तिथे पडद्याला भोक पाडायचा धोका आम्ही डोळे उघडे ठेवून घेतो, कारण काहीच केलं नाही तर बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक असलेल्या गंभीर बाळांच्या श्वासनळीत दुर्बिणीतून फुगा ठेवतात, 2021 च्या ट्रायलमध्ये जगण्याचं प्रमाण 15 वरून 40 टक्क्यांवर आलं. अशी ऑपरेशनं आता आपल्याकडे मुंबई, पुणे, चेन्नईसारख्या शहरांत होतात, सोलापूरहून पेशंट येतातच.

निदानासाठीची दुर्बीण आज उरलीय ती एका वेगळ्याच ठिकाणी, आणि ते मला स्वतःला पटणारं आहे. गर्भाचे ठोके थांबले आणि क्युरेटिंग करायचंच आहे, तर त्याआधी गर्भाशयाच्या तोंडातून हिस्टेरोस्कोप, म्हणजे गर्भाशय आतून बघायची दुर्बीण, घालून गर्भ अख्खा असताना बघून घ्यायचा. व्हिएन्नाच्या फिलिप यांनी यावर बरंच काम केलंय. क्युरेटिंगमध्ये सगळ्याचे तुकडे होतात, नंतर काही कळत नाही, आणि आधी बघितलं तर हाताचा, चेहऱ्याचा, डोक्याचा दोष दिसतो आणि आईच्या पेशी न मिसळता नमुनाही घेता येतो. वारंवार मिसकॅरेज होणाऱ्या बाईला याचा खरंच उपयोग होऊ शकतो, आणि जिवंत गर्भाला धोका हा विषयच तिथे नाही. दुर्दैवाने हे करणारे थोडे.

कायद्याचंही दोन वाक्यांत. 1994 च्या लिंगनिदानविरोधी कायद्यात गर्भनिदानाच्या पद्धतींच्या व्याख्येत सोनोग्राफीच्या लगोलग फेटोस्कोपीचं नाव घातलेलं आहे, त्याआधी 1988 मध्ये असा कायदा देशात पहिल्यांदा आपल्या महाराष्ट्राने केला होता. म्हणजे सीव्हीएस असो की दुर्बीण, सेंटर नोंदणी केलेलं पाहिजे, फॉर्म एफ म्हणजे तपासणीच्या नोंदीचा सरकारी फॉर्म भरला जाणार, ताईची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत फॉर्म जीवर घेतली जाणार, त्याची कॉपी मागून घ्या, आणि मुलगा की मुलगी हे कुणीही सांगणार नाही, विचारूही नका. आणि वाईट रिपोर्ट आलाच तर गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर बाळाच्या गंभीर व्यंगासाठी चोवीस आठवड्यांनंतरही प्रेग्नन्सी थांबवायला मेडिकल बोर्डामार्फत परवानगी मिळू शकते, पण वर सांगितलेल्या क्रमाने गेलात तर चौदा-पंधरा आठवड्यांपर्यंत चित्र स्पष्ट होतं, तिथवर जायची वेळच येत नाही.

एखाद्या ठिकाणी 'आम्ही दुर्बिणीने बघून सांगतो' म्हणून कुणी तयार झालंच तर त्यांना एवढंच विचारा की यातून असं काय दिसणार आहे जे बारा आठवड्यांची सोनोग्राफी आणि सीव्हीएस मिळून सांगू शकत नाही. सध्या फाईल शोधा, क्रोमोसोमचा रिपोर्ट निघाला तर त्यात काय लिहिलंय ते कळवा, कारण तो ट्रायसोमी 13 निघाला तर वर लिहिलेलं जीनचं सगळं प्रकरण बाजूला ठेवून दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तावरून बाळाचे क्रोमोसोम तपासणारी एनआयपीटी टेस्ट आणि नीट एनटी स्कॅन असा वेगळाच रस्ता धरावा लागेल.